अनारसे

तांदूळ तीन दिवस भिजवून, निथळून, ओलसर असतानाच कुटायचा, त्या पिठात गूळ किंवा साखर मिसळून ते काही दिवस मुरवायचे आणि मग खसखशीवर थापून तुपात तळायचे, अशा क्रमाने होणारा अनारसा हा महाराष्ट्रातील पारंपरिक गोड पदार्थ आहे. दिवाळीच्या फराळात आणि अधिक महिन्याच्या वाणात त्याला खास मान आहे. पुरीएवढा गोल आकार, तळाशी गुळगुळीत तांबूस अंग, वरच्या बाजूस खसखशीतून दिसणारी बारीक जाळी आणि बाहेरून कुरकुरीत असूनही आत किंचित मऊ राहणारा पोत ही चांगल्या अनारशाची लक्षणे मानली जातात. लाडू, करंज्या, शंकरपाळे यांची तयारी आदल्या दिवशी करून भागते. अनारशाला मात्र तांदूळ भिजत घालण्यापासून तळणीपर्यंत किमान आठवडा लागतो आणि हा काळ कमी करण्याची कोणतीही युक्ती मूळ चव व जाळी टिकवू शकत नाही.

अनारशासाठी जुना, फार चिकट नसलेला तांदूळ घेतात. नव्या तांदळाचे पीठ लवकर सैल पडते, म्हणून ते टाळतात. तांदूळ स्वच्छ धुऊन भरपूर पाण्यात तीन दिवस भिजत ठेवतात आणि रोज पाणी बदलतात. या काळात दाण्यांवरच्या व पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे हलके आंबणे सुरू होते, दाणा आतपर्यंत भिजून ठिसूळ होतो आणि तांदळाला सौम्य आंबूस वास येतो. रोज पाणी बदलण्यामुळे हा आंबूसपणा मर्यादेत राहतो; पाणी न बदलल्यास तांदळाला उग्र वास येतो आणि तो तळल्यानंतरही जात नाही. उन्हाळ्यात आंबणे वेगाने होत असल्याने पाणी दिवसातून दोनदा बदलणे हिताचे.

चौथ्या दिवशी तांदूळ चाळणीत निथळून स्वच्छ सुती कापडावर सावलीत पसरतात. तांदूळ किती वाळू द्यायचा हा या पदार्थातला खरा कसोटीचा भाग आहे, आणि तिथे घड्याळापेक्षा हाताचा अंदाज महत्त्वाचा ठरतो. मूठभर तांदूळ दाबून सोडला असता काही दाणे तळहाताला चिकटून राहावेत, पण तळहात ओला होऊ नये, ही त्याची खूण. पावसाळी दमट हवेत या अवस्थेला यायला पुष्कळ वेळ लागतो, तर कोरड्या वाऱ्याच्या दिवशी अर्ध्या तासाचा उशीरही तांदूळ खडखडीत करून टाकतो. असा वाळलेला तांदूळ पुन्हा ओला करून काम भागत नाही, कारण मग ओलावा दाण्यात सारखा पसरत नाही. पूर्वी हा तांदूळ उखळात कुटत किंवा जात्यावर दळत. आता बहुतेक घरांत तो मिक्सरमध्ये थोडा थोडा फिरवला जातो. पीठ मैद्याच्या बारीक चाळणीने चाळतात आणि वर राहिलेली कणी पुन्हा फिरवून चाळतात. पिठात कणी राहिली तर अनारसा तळताना तिथेच फुटतो.

चाळलेल्या पिठात त्याच्या वजनाच्या पाऊणपट ते तेवढाच किसलेला, साधा मऊ गूळ आणि चमचाभर तूप घालून सगळे हाताने एकजीव करतात. पाणी अजिबात घालत नाहीत. पिठातल्या ओलाव्याने गूळ सुटू लागतो आणि कोरडे वाटणारे मिश्रण दाबल्यावर त्याचे उंडे वळता येतात. हे उंडे घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बरणीत चार-पाच दिवस मुरत ठेवतात. मुरलेले पीठ सुगरणींच्या घरी पुष्कळ दिवस टिकते आणि पाहुणे आले की लागेल तेवढेच काढून ताजे अनारसे तळता येतात. साखरेच्या अनारशांसाठी गुळाऐवजी पिठीसाखर वापरतात. ते दिसायला फिकट आणि अधिक कुरकुरीत होतात, पण गुळाचा खमंगपणा व रंग त्यांत येत नाही, आणि चवीचा विचार करता गुळाच्या अनारशांनाच श्रेष्ठ मानायला हवे.

तळण्याच्या वेळी उंडा फोडून हाताने चांगला मळतात. पीठ कोरडे वाटल्यास दुधाचे काही थेंब, थोडे दही किंवा पिकलेल्या केळ्याचा लहानसा तुकडा लावतात. केळ्यामुळे अनारसा मऊ होतो, मात्र त्याचे प्रमाण जरा वाढले तरी पीठ हाताबाहेर जाते. सुपारीएवढी गोळी घेऊन ती पोळपाटावर किंवा केळीच्या पानावर पसरलेल्या खसखशीवर ठेवतात आणि बोटांनी हलके दाबत पुरीसारखी थापतात. थापताना गोळी उलटत नाहीत, त्यामुळे खसखस एकाच बाजूस लागते. पसरट कढईत बेताचे तूप तापवून अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून सोडतात. तो उलटायचा नाही, हा नियम कटाक्षाने पाळतात. वरची बाजू शिजावी म्हणून झाऱ्याने कडेचे गरम तूप तिच्यावर उडवत राहतात. आच मंद ते मध्यम ठेवावी लागते, कारण गुळातील ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्करा लवकर करपतात आणि आच मोठी असल्यास आत कच्चा राहिलेला अनारसा बाहेरून काळा पडतो. तळलेला अनारसा कढईतून काढताना मऊ व लवचीक असतो. तो चाळणीत उभा करून ठेवला की जादा तूप निथळते आणि गार होताना तो कुरकुरीत होतो. गरम अनारसे एकावर एक रचल्यास वाफेने ते मऊ पडतात आणि एकमेकांना चिकटतात.

कढईत सोडल्याबरोबर अनारसा पसरून विरघळला, त्याचा चुरा होऊन तुपात पांगला, तर अनारसा हसला असे म्हणतात. तांदळाच्या पिठात गव्हासारखे चिवट बंध तयार करणारे ग्लुटेन नसते. अनारशाला आकार मिळतो तो पिठातला स्टार्च उष्णतेने फुगून घट्ट होण्यामुळे, आणि साखरेचे प्रमाण जितके अधिक तितके स्टार्चला फुगण्यासाठी जास्त तापमान लागते. गूळ जास्त झाला किंवा पीठ फार ओले राहिले, तर स्टार्च घट्ट होण्याआधीच गूळ वितळून पसरतो आणि अनारसा विस्कटतो. म्हणूनच पहिला अनारसा नेहमी लहान करून पाहतात. तो हसलाच तर राहिलेल्या पिठात थोडे कोरडे तांदळाचे पीठ मिसळून काही तास मुरू देणे हा जुना, खात्रीचा उपाय आहे. उलट अनारसा न पसरता दगडासारखा कडक झाला, तर गूळ किंवा ओलावा कमी पडला असे समजावे. जाळीचे कारणही यातच आहे: पिठातल्या पाण्याची वाफ वरच्या मोकळ्या बाजूने बाहेर पडते आणि तिची वाट घट्ट होणाऱ्या स्टार्चमध्ये कायम राहते. अनारसा उलटला तर ही वाट तुपाकडे होते, जाळी बुजते आणि खसखस सुटून तुपात करपते.

चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे आणि सौर वर्ष सुमारे 365 दिवसांचे असल्याने दोहोंचा मेळ घालण्यासाठी साधारण 32 ते 33 महिन्यांनी पंचांगात एक अधिक महिना धरतात. धोंड्याचा महिना किंवा पुरुषोत्तम मास या नावांनीही ओळखल्या जाणाऱ्या या महिन्यात 33 अपूपांचे दान सांगितले आहे. अपूप म्हणजे तुपातला गोड घारगा किंवा वडा. ऋग्वेदातही तुपाने युक्त अपूपाचा उल्लेख येतो. 8 वसू, 11 रुद्र, 12 आदित्य आणि आणखी 2 मिळून होणाऱ्या 33 देवतांशी या संख्येचा संबंध जोडतात. महाराष्ट्रात या अपूपांची जागा जाळीदार अनारशांनी घेतली. मुलगी व जावई यांना लक्ष्मीनारायणाच्या ठिकाणी मानून त्यांना जेवायला बोलावतात आणि तीस-तीन अनारशांचे वाण दिव्यासह देतात. अनारसे जमले नाहीत तर बत्तासे किंवा म्हैसूरपाक यांसारखे जाळी असलेले दुसरे गोड देण्याची रीत आहे. 2023 मध्ये अधिक श्रावण 18 जुलै ते 16 ऑगस्ट या भर पावसाच्या दिवसांत आला होता, तर 2026 मधील अधिक ज्येष्ठाचा आरंभ 17 मे रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात होतो. पहिल्या वर्षी तांदूळ वाळवणे ही अडचण असते, दुसऱ्या वर्षी तो फार आंबू न देणे ही. दिवाळीच्या कोरड्या, सौम्य हवेत दोन्ही सोपे जाते.

अनारशाचे सगेसोयरे भारतभर आहेत. तामिळनाडूत दिवाळीला अधिरसम् करतात, आंध्र व तेलंगणात संक्रांतीला अरिसेलु, कर्नाटकात कज्जाय, ओडिशात अरिसा पिठा, तर गढवालात अरसा. या सगळ्यांत भिजवलेल्या तांदळाचे ओलसर पीठ हा पाया सामाईक आहे. फरक पडतो तो गूळ कसा घातला जातो यात. दक्षिणेत आणि गढवालात गुळाचा पाक करून त्यात पीठ मिसळतात, त्यामुळे तांदूळ काही तास ते रात्रभर भिजवून पुरतो. अधिरसम् मध्ये वेलची व सुंठ असते. अरिसेलु तळल्यावर दोन झाऱ्यांमध्ये किंवा लाकडी फळ्यांमध्ये दाबून त्यांतले तेल काढून टाकतात. गढवालात अरसे लग्नाच्या वेळी केले जातात आणि सासरी निघालेल्या मुलीबरोबर दिले जातात. बिहारमधील गयेचा अनरसा तिळात घोळवलेला असतो आणि त्यात खवाही भरतात. कच्चा गूळ पिठात मुरवण्याची महाराष्ट्रातील पद्धत वेळखाऊ आहे, पण तीत पाकाच्या तारेचा अंदाज चुकण्याचा धोका राहत नाही आणि सावकाश आंबण्याने आलेली किंचित आंबट झाक गुळाच्या गोडीला आवर घालते.

शहरांतील किराणा दुकानांत आणि महिला बचत गटांच्या विक्रीकेंद्रांवर दिवाळीच्या सुमारास तयार अनारसा पीठ मिळते. पीठ आधी करून साठवणे हा या पदार्थाचा मूळ धर्मच असल्याने असे पीठ वापरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ते ओलसर आहे ना आणि त्याला सौम्य आंबूस वास येतो ना, एवढे पाहून घ्यावे. परदेशी राहणाऱ्या आप्तांना अनारसे पाठवताना खसखशीचा विचार आधी करावा लागतो, कारण संयुक्त अरब अमिरातींसारख्या काही देशांत खसखस नेण्यावर बंदी आहे आणि तळलेल्या पदार्थावर चिकटलेली खसखसही तिच्यातून सुटत नाही. अशा वेळी तीळ लावून केलेले अनारसे पाठवावेत.