सोलार बसवण्याआधी: बिलापलीकडचा हिशोब

छतावर सोलार बसवण्याच्या चौकशीला आमच्याकडे येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विजेच्या बिलाचा विचारतात, आणि ते बरोबरच आहे. एप्रिल-मे महिन्यांत दोन कूलर दिवसरात्र चालले की चंद्रपुरात कुणाच्याही घरचं बिल फुगतं. सबसिडी किती, वीज किती मिळते, हे पुढे लिहिलंच आहे. पण आज घरात येणारी वीज कुठून येते आणि तिची किंमत कोण कोण मोजतंय, हेही आमच्या ग्राहकांना माहीत असावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

एका युनिटमागे काय जळतं

चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं, महानिर्मितीचं (राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचं) सर्वांत मोठं. पाणी इरई धरणाचं. एक युनिट वीज तयार करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो. आपल्या देशातल्या कोळशात राख फार, ३० ते ४५ टक्के. म्हणजे तुमचा कूलर काही तास चालला की कुठेतरी पाव किलोच्या आसपास राख उरते आणि जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

ही राख कुठे जाते? काही सिमेंट आणि विटांच्या कारखान्यांना, काही रस्त्यांच्या भरावात. उरलेली पाण्यात कालवून राखेच्या तलावात सोडतात. तलाव सुकला आणि वारा सुटला की ती आसपासच्या गावांवर उडते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत शिरलं. राखेत आर्सेनिक, शिसं, पारा असे जड धातू असतात. एकदा जमिनीत मुरले की ते पिकात आणि विहिरीत यायला वाट शोधतात.

चिमणीतून जे जातं ते डोळ्यांना फारसं दिसत नाही, म्हणून जास्त घातक. सल्फर डायऑक्साइड हवेत गेल्यावर त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. त्यावर केंद्र सरकारने २०१५ मध्ये मर्यादा घातली. ती पाळण्यासाठी चिमणीआधी धूर धुणारी यंत्रणा बसवायची होती. तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक वीजनिर्मिती संचांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. आमच्या मते हे चुकीचं झालं. वीज केंद्राच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला दुसरी हवा विकत मिळत नाही.

पाण्याचंही तसंच. जुन्या केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरायची मुभा आहे. २०१० च्या उन्हाळ्यात इरई आटलं तेव्हा इथले संच बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये परळीचं केंद्र पाण्याअभावी थांबलं. दुष्काळात एकाच धरणाकडे शहरही बघतं आणि केंद्रही, ही वेळ विदर्भ-मराठवाड्याने अनुभवलेली आहे.

आमचे कितीतरी ग्राहक वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीत) किंवा महाऔष्णिकमध्येच नोकरीला आहेत. या कोळशावर इथली दोन-तीन पिढ्यांची घरं उभी राहिली, मुलं शिकली. त्या कष्टांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण औद्योगिक युगाआधी हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत २८० होतं, ते आज ४२० च्या वर गेलंय, आणि हा वायू उष्णता धरून ठेवतो. मे महिन्यात ४५-४६ अंशांवर उभं राहून काम करणाऱ्या आपल्या माणसांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तुमच्या छताचा वाटा

३ किलोवॉटचं सोलार आपल्या भागात वर्षाला साधारण ४,२०० युनिट देतं. तेवढीच वीज कोळशावर केली असती तर सुमारे ३ टन कोळसा आणि १४-१५ हजार लिटरपर्यंत पाणी लागलं असतं, आणि एक टनाच्या आसपास राख उरली असती. हे एका घराचं, एका वर्षाचं. पॅनेलचं आयुष्य २५ वर्षं धरतात. दरवर्षी उत्पादन अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटतं, तेही हिशोबात धरा.

पॅनेल बनवायलाही वीज लागते, काच-ॲल्युमिनियम लागतं, सांध्यांत थोडं शिसंही असतं. म्हणून सोलार अगदी निर्दोष आहे असं आम्ही सांगणार नाही. बनवायला लागलेली ऊर्जा आपल्याकडच्या उन्हात ते एक-दोन वर्षांत परत करतं. निकामी पॅनेल भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलही येतात. आम्हाला कळवा, योग्य ठिकाणी पोचवू.

ज्या गोष्टी आधीच समजून घ्याव्यात

मे महिन्यात ऊन सर्वांत कडक, म्हणजे वीजही सर्वांत जास्त, असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याची क्षमता ०.३ ते ०.४ टक्के घटते, आणि मेच्या दुपारी आपल्या स्लॅबवर पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं. आकाश निरभ्र आणि हवा सुसह्य असते त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ते उत्तम चालतं. म्हणूनच आम्ही पॅनेल स्लॅबला चिकटवून बसवत नाही. खालून वारा खेळायला हवा.

दुसरी गोष्ट, लाइट गेली की बॅटरी नसलेलं सोलारही बंद पडतं. "वर एवढं ऊन आहे आणि घरात पंखा बंद, हे कसं काय?" असा फोन आम्हाला दर उन्हाळ्यात येतो. यंत्रात बिघाड नसतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छतावरून उलट आलेल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून सोलारचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) स्वतःहून थांबतो. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीचा हायब्रिड संच घ्यावा लागतो, खर्च बराच वाढतो. तुमच्याकडे लाइट किती जाते हे पाहूनच ठरवा.

रात्री तुम्ही महावितरणचीच वीज वापरणार. दिवसा जास्त झालेली युनिट नेट मीटरमधून (येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारा मीटर) ग्रीडमध्ये, म्हणजे महावितरणच्या तारांमध्ये, जातात आणि तुमच्या खात्यात जमा होतात. ३१ मार्चला त्या वर्षाचा हिशोब बंद होतो, उरलेली युनिट पुढच्या वर्षात जात नाहीत. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवून काही साधत नाही. महिन्याला ३०० युनिटच्या आसपास वापर असेल तर ३ किलोवॉट पुरतं. आमच्याकडे कुणी ५ चा आग्रह धरला तर आम्ही गेल्या १२ महिन्यांची बिलं मागतो.

सबसिडी

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये मिळतात. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचीच (पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्या) असावी लागतात. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर तुमच्या ग्राहक क्रमांकावरून होतो. संच सुरू होऊन तपासणी झाली की पैसे थेट तुमच्या बँक खात्यात येतात. "सबसिडी आम्हीच वळती करून घेतो" असं कुणी म्हणालं तर सावध राहा. हाउसिंग सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी प्रति किलोवॉट १८ हजार आहेत.

शेतकरी ग्राहकांसाठी वेगळी सोय आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. रात्रीच्या लाइटवर ओलितासाठी शेतात जायचं, तेही वाघ-बिबट्याच्या मुलखात, याची भीती ताडोबाच्या भोवतालच्या गावांना सांगावी लागत नाही. दिवसा चालणारा पंप ही तिथे जिवाची गोष्ट आहे. अर्ज भरायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही.

धूळ

दुर्गापूर, ऊर्जानगर, घुग्घुस या वीज केंद्र आणि खाणींच्या बाजूच्या छतांवर पॅनेल धुताना पहिलं पाणी काळपट उतरतं. काचेवर बोट ओढलं तर रेघ उमटते आणि बोटाला पिठासारखी बारीक पूड लागते. जी आपण श्वासात घेतो तीच ही धूळ, आणि पॅनेलवर साचली की उत्पादन तीच कमी करते. अशा भागात आठवड्यातून एकदा धुवा, इतरत्र पंधरवड्याला पुरे. वेळ सकाळची किंवा सूर्य मावळल्यावरची. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोरिंगचं पाणी क्षारयुक्त असेल तर वाळल्यावर पांढरे डाग धरतात, म्हणून शेवटचा हात साध्या नळाच्या पाण्याचा आणि मऊ कापडाचा असू द्या. साबण, तारेची घासणी नको. पॅनेलवर पाय ठेवू नका.

भेटीआधी

छत पाहायला आम्ही येतो, त्याचं शुल्क नाही. त्या दिवशी लाइटचं ताजं बिल आणि घराच्या मालकीचा कागद हाताशी ठेवा. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. शेजारचा कडुनिंब किंवा पाण्याची टाकी दुपारी तीननंतर कुठे सावली टाकते ते एकदा वर जाऊन पाहून ठेवा. कवेलूचं छप्पर असेल तर तेही आधी सांगा, त्यावर बसवता येतं की अंगणात वेगळा सांगाडा उभारायचा हे पाहून ठरवू.