साइनची लाट सरळ का आली?

लेटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं जुळवायच्या प्रणालीत, पहिल्यांदा आलेख काढणारा माणूस बहुधा साइनचाच काढतो. पीजीएफप्लॉट्स हे आलेखांचं पॅकेज (जोड-साधन) घ्यायचं, अक्षांची चौकट उघडायची, ‘साइन एक्स’ लिहायचं आणि फाइल कंपाइल करायची. समोर येते या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलेली सरळ रेघ. लाटेचा पत्ताच नाही!

गणित चुकलेलं नसतं. एक्सची मर्यादा सांगितली नाही, तर पॅकेज −५ ते ५ धरतं आणि कोन रेडियनमध्ये नाही, अंशांत मोजतं. पाच अंशांचा साइन जेमतेम ०.०८७. एवढ्याशा तुकड्यात लाट वाकायलाही लागत नाही. त्यात उभा अक्ष आपोआप ताणला जातो, म्हणून ती इवलीशी रेघ चौकटभर पसरते. चोरी पकडली जाते ती फक्त उभ्या अक्षावरच्या आकड्यांत. ‘ट्रिग फॉरमॅट प्लॉट्स’ या पर्यायाला ‘रॅड’ (रेडियन) सांगितलं की लाट उमटते.

आता रेडियनमध्येच साइन १५एक्स काढून बघा. −५ ते ५मध्ये जवळपास २४ लाटा बसायला हव्यात. येते पुन्हा एक उतरती, जवळजवळ सरळ रेघ. कारण पॅकेज मुळात २५च बिंदू घेतं आणि ते जोडत जातं. दोन बिंदूंमधलं अंतर ०.४१६७; त्याला १५ने गुणलं की ६.२५, म्हणजे जवळपास २π, एक अख्खी लाट. प्रत्येक बिंदू पुढच्या लाटेच्या जवळपास त्याच जागी पडतो आणि मधली अख्खी लाट निसटते. एका लाटेमागे दोनपेक्षा जास्त बिंदू नसतील तर लाट ओळखता येत नाही, हा ध्वनिमुद्रणातलाही नियम. रेघ गोलाई देऊन जोडणारा ‘स्मूथ’ लावून इथे काही होत नाही, खोटी रेघ फक्त गुळगुळीत होते. ‘सॅम्पल्स’, म्हणजे बिंदूंची संख्या, ५०० करा.

मग दुसरीकडे आलेख काढून चित्र का डकवू नये? डकवावं की, पण चित्र निम्म्यावर आणलं की त्यातली अक्षरंही निम्मी होतात. पीजीएफप्लॉट्समध्ये रुंदी बदलली तर फक्त चौकट बदलते, अक्षरं मजकुराच्याच मापाची राहतात. एवढ्यासाठी मी बाकीचा त्रास सोसतो.

त्रास आहेच. महाराष्ट्राच्या लोकसंख्येचा आलेख घ्या. आडव्या अक्षावर २०११ची जनगणना ‘२,०११’ अशी छापून येते, कारण पॅकेजच्या लेखी तो हजारांतला आकडा. ‘१००० सेप’ हा हजारांच्या स्वल्पविरामाचा पर्याय रिकामा ठेवावा लागतो. उभ्या अक्षावर ११,२३,७४,३३३चं होतं १.१२ आणि कोपऱ्यात बारीक १०चा आठवा घात. तो मराठी वाचकाने का सोडवत बसावा? आकडे आधीच एक कोटीने भागावेत आणि अक्षावर ‘कोटी’ लिहावं.

खरं तर लांबी म्हणून एवढा आकडा टेकला, म्हणजे लेटेक ज्यावर उभं आहे त्या मूळ प्रणालीला, पेलतच नाही. डोनाल्ड कनूथ यांनी १९७८मध्ये आणलेलं टेक पुस्तकं जुळवण्यासाठी होतं. त्यात लांबी पॉइंट या छपाईतल्या मापाच्या ६५,५३६व्या भागांत, पूर्णांकांत मोजतात, म्हणजे कुठल्याही यंत्रावर पान तसंच्या तसं जुळावं. मोठ्यात मोठी लांबी १६,३८४ पॉइंटच्या किंचित आत, सुमारे पावणेसहा मीटर. पानाला भरपूर, लोकसंख्येला तोकडी. म्हणून ख्रिस्तियान फॉयरझेंगर यांच्या या पॅकेजला मोठ्या आकड्यांचं गणित टेकच्या मॅक्रोंतून, म्हणजे रचलेल्या आज्ञांतून, करून घ्यावं लागतं. खिळे जुळवणाऱ्याला हिशेबाला बसवल्यासारखं! साहजिकच वेळ लागतो, आणि बिंदू फार झाले की स्मृती संपल्याची तक्रार येते.

अक्षावर ‘वर्षे’ लिहायचं तर ‘र्षे’चा रेफ आणि मात्रा जागेवर बसायला हवी. त्यासाठी मी लुआलेटेक (लुआ ही भाषा जोडलेलं लेटेक) घेतो, फाँटला अक्षरं जुळवणारं हार्फबझ लावतो. याचा फायदा असा, की लुआलेटेक लागेल तशी स्मृती वाढवून घेतं आणि आलेखाचं बरंच गणित लुआ भाषेत झटपट उरकतं. मात्र सुरुवातीला ‘कॉम्पॅट’, म्हणजे पॅकेजने कुठल्या आवृत्तीप्रमाणे चालावं ते, १.१२ किंवा त्यापुढचं लिहिलेलं असावं. ती ओळ विसरलात तर पॅकेज जुन्या वळणाने चालतं, तसा इशारा लॉगमध्ये (कंपाइल करतानाच्या नोंदींच्या फाइलमध्ये) लिहितं, आणि लॉग कोण वाचतो?