पिक्चर कोणता लावायचा? पडदा भाड्याने नेण्याआधी वाचा

(अंगणात, शेतात, गल्लीत किंवा शाळेत सिनेमा दाखवण्यासाठी आमच्याकडून पडदा, प्रोजेक्टर आणि स्पीकर नेणाऱ्या मंडळींसाठी)

फोन आला की आम्ही तीन गोष्टी विचारतो. जागा किती, माणसं किती, वीज कुठून घेणार? तिन्हींची उत्तरं पटापट येतात. चौथा प्रश्न पिक्चरचा. तिथे बहुतेकांचं ठरलेलं उत्तर असतं, "तुम्हीच लावा ना भाऊ, चांगला असंन तो."

चांगला कोणासाठी, ते कळल्याशिवाय आम्ही काय सांगणार? म्हणून हे पत्रक. यातली मतं आमच्या दुकानातल्या तिघांची आहेत. तिघांचं एकमेकांशीही पटत नाही, तेव्हा तुमचं पटलं नाही तरी राग नाही.

आधी आमचीच फजिती सांगतो. डॉ. जब्बार पटेलांचा ‘सामना’ हा माझा लाडका सिनेमा. पटकथा विजय तेंडुलकरांची, साखरसम्राट हिंदुराव म्हणजे निळू फुले, दारूत बुडालेला मास्तर म्हणजे श्रीराम लागू. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवातही गेला होता. एका यात्रेत गावकऱ्यांनी निवड माझ्यावर सोडली आणि मी हौसेने तोच लावला. मध्यंतराच्या आत अर्धं मैदान उठून पाळण्यांकडे आणि भज्यांच्या गाड्यांकडे गेलं. पुढच्याच पौषात खानदेशात यावलकडच्या एका शेतात भरीत पार्टी होती, तीस-चाळीस माणसं. तिथे भीत भीत पुन्हा ‘सामना’ लावला. कळण्याची भाकरी ताटात तशीच राहिली. सिनेमा संपल्यावर मंडळी रात्री एकपर्यंत साखर कारखान्यांच्या निवडणुकांवर बोलत बसली होती. सिनेमा तोच, पडदा तोच, यंत्रही तेच. बसणारी माणसं आणि वेळ तेवढी वेगळी. तेव्हापासून आम्ही स्वतःची आवड बाजूला ठेवून आधी विचारतो, समोर कोण बसणार आहे?

फार जुने

जुना, काळा-पांढरा सिनेमा गावात चालत नाही, असं तरुण मंडळांचं ठाम मत असतं. आमचा अनुभव उलटा आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) एकादशीच्या संध्याकाळी लावून बघा. दामले-फत्तेलाल यांचा हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे पाहुण्यांना सांगायला ठीक. गावात तो चालतो तो अभंगांमुळे. मागे बसलेल्या माणसाला चित्र नीट दिसलं नाही तरी कानाला सगळं ओळखीचं असतं. चोपड्याकडच्या एका देवळात एक आजी विष्णुपंत पागनीसांच्या अर्धी ओळ पुढेच म्हणत होत्या. पोरं आधी हसली, मग तीही म्हणायला लागली.

जुन्या सिनेमाबाबत दोन विनंत्या. पहिली चित्राची. त्या काळचं चित्र जवळजवळ चौकोनी असायचं, आपला पडदा लांबट आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. चित्र कापलेलं नाही, पूर्ण आहे. पट्ट्या घालवण्यासाठी ते ताणायला लावू नका, सगळी पात्रं बुटकी आणि जाडी दिसतात. दुसरी आवाजाची. जुना आवाज बारीक असतो, त्याला डीजेचा बास जोडला की बोलणं घुमतं आणि शब्द कळत नाहीत. अशा वेळी बासचे डबे आम्ही गाडीतून उतरवतच नाही. कृपया आग्रह धरू नये.

आणि हो, कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशी देवीच्या जागरणाच्या रात्रीसाठी पडदा मागायला येऊ नका. त्या रात्री गाणी बायकांची. मध्ये आमचं यंत्र कशाला?

श्यामची आई

यावर वेगळं लिहिणं भाग आहे, कारण शाळांची सर्वाधिक मागणी याचीच. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, त्यामुळे आपल्याकडे या नावाला घरचा ओलावा आहे. आचार्य अत्र्यांचा हा सिनेमा १९५३ सालचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. वनमालाबाईंची आई आणि ‘भरजरी गं पितांबर’ यांबद्दल आम्ही काय बोलणार! पण सिनेमा अडीच तासांचा आहे. स्नेहसंमेलनाची बक्षिसं, भाषणं आणि नाच आटोपून रात्री साडेनऊला तो सुरू केला, तर दहा वाजता पुढच्या चार रांगा सतरंजीवर झोपलेल्या असतात. दुपारी, खिडक्या झाकलेल्या वर्गात लावा. मध्ये अर्धा तास सुट्टी द्या. रात्रीच हवा असेल तर पोरांसाठी परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) घ्या. पंढरपूरची भावंडं, एक सायकल आणि तिच्यासाठी केलेला खटाटोप. पोरं एक मिनिट हलत नाहीत.

‘टिंग्या’ (२००८) सुद्धा पोरांचा म्हणून मागतात. सिनेमा फारच चांगला आहे, पण जखमी बैल खाटकाला विकायची पाळी आलेल्या घराची ती गोष्ट आहे. पोळ्याच्या संध्याकाळी लावायचा असेल तर गावात नुकतीच कोणाची बैलजोडी विकली गेली आहे का, याचा विचार करा. आम्ही एकदा केला नव्हता.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) काय?

लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, अंगणात बायकाच बायका. दरवर्षी फोन येतो ‘माहेरची साडी’साठी (१९९१). मला हा सिनेमा आता बघवत नाही, किती वेळा बघायचा! पण आमच्या दुकानातल्या ताईंचं म्हणणं वेगळं. त्या म्हणतात, वर्षभर जे बोलता येत नाही ते अलका कुबलच्या निमित्ताने रडून घेतलं जातं, तुम्ही मध्ये पडू नका. मी पडत नाही. फक्त ‘मानिनी’ (१९६१) सुचवून बघतो. त्यात आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंची ‘अरे संसार संसार’ आहे. ती सुरू झाली की सगळं अंगण गातं.

माझी खास शिफारस

‘जैत रे जैत’ (१९७७). दिग्दर्शक पुन्हा जब्बार पटेल, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, गाणी ना. धों. महानोरांची. अजिंठ्याच्या डोंगराजवळचं त्यांचं पळसखेडे म्हणजे आपल्या शिवेलगतच. नायिका स्मिता पाटील, म्हणजे शिरपूरच्या पाटलांची लेक. पण एवढ्या नात्यागोत्यामुळे सांगत नाही. लिंगोबाच्या डोंगरावर मध काढायला चढणारे ठाकर, ढोल वाजवणारा नाग्या, राणी माशी बघायचा त्याचा ध्यास, हे सगळं बंद खोलीतल्या टीव्हीवर अर्धंच पोचतं. उघड्यावर, अंधारात, मागे खरा डोंगर असेल तर उत्तमच. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यांवर आम्ही हा लावतो, तेव्हा ढोल कुठे चुकला तेही लोक सांगतात.

ज्यांची काळजी नसते असे

‘शोले’ (१९७५). काय सांगायचं? तीन तासांच्या वर आहे, आठला सुरू करा, एवढंच. शेजारच्या मालेगावच्या हौशी मंडळींनी तर त्याची स्वतःची मालेगावी आवृत्ती काढली. साधा व्हिडिओ कॅमेरा, गावातलेच नट. ती मिळाली तर जरूर बघा. पोट दुखेपर्यंत हसाल आणि मग वाटेल, अरे, हे आपणही करू शकलो असतो.

बारसं, साखरपुडा, हळद यांसाठी डोळे मिटून ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८). संवाद सगळ्यांना पाठ असल्यामुळे लोक नटाच्या आधी हसतात आणि त्या हशात पुढचा विनोद बुडतो. म्हणून या सिनेमाला आवाज नेहमीपेक्षा थोडा वर ठेवतो. दादा कोंडक्यांचे सिनेमे हवे असतील तर नाव आधी कळवा. ‘सोंगाड्या’ (१९७१) घरच्यांसोबत बसून बघता येतो. पुढच्या काहींच्या वेळी सासरे आणि सुना दोघांनाही कुठे बघावं कळत नाही.

अलीकडचे

‘सैराट’ (२०१६) लग्नघरी देणार नाही. आम्ही हे तोंडावर सांगतो. गाण्यांवर नाचायला सगळे उठतात, शेवट मात्र विसरलेले असतात. एका हळदीत तो शेवट पडद्यावर आला आणि नंतर नवरीच्या आईने आमच्याकडे जे बघितलं, ते भाडं परत देऊनही फिटलं नसतं. मंडळाच्या गणपतीत खुशाल लावा.

नागराज मंजुळेंचाच ‘फँड्री’ (२०१३) मात्र आम्ही स्वतःहून सुचवतो. कॉलेजात, वाचनालयात, जिथे नंतर बोलायला वेळ आहे तिथे. यात डुकरं पकडण्याचा लांब प्रसंग आहे. पडद्यावर गाव जमून नायक पोराच्या, जब्याच्या घरच्यांना हसतं आणि दरवेळी आपल्या मैदानातलेही काही जण हसतात. मी यंत्रापाशी उभा राहून ते हसणं ऐकतो. मग शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ पडद्यातून आपल्याकडे येतो. त्या क्षणी मैदानात जी शांतता होते, ती मी दुसऱ्या कुठल्या सिनेमाला ऐकलेली नाही. लगेच दिवे लावू नका. नावं संपेपर्यंत थांबा.

‘श्वास’ (२००४) मागणारे कमी, पण मागतात ते मनापासून. आजोबा आणि नातवाची गोष्ट, शांत लोकांसाठी. जेवणावळीसोबत नको.

थोडं कामाचं

मोबाईलवरच्या ॲपचं सदस्यत्व घरापुरतं असतं. गावासमोर खेळ करायचा तर सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. तिकीट नसलं तरीही. ती कशी मागायची ते आम्ही सांगू, पण पंधरा दिवस आधी या.

वैशाखात साडेसातच्या आधी चित्र फिकं दिसतं. पूर्ण अंधार पडू द्या. वारा सुटला तर पडदा शिडासारखा फुगतो, म्हणून दोर बांधायला दोन झाडं किंवा दोन ट्रॅक्टर लागतील. जनरेटर पडद्याच्या मागे, लांब.

आणि भरीत पार्टी असेल तर वांगी भाजायचा जाळ प्रोजेक्टरच्या झोतापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला करा. काड्यांचा धूर झोतात आला की नटांच्या तोंडावर ढग येतात.