उलटा केला तरी त्रिकोणच

चार वर्षांच्या मुलासमोर पुठ्ठ्याचा त्रिकोण धरा, टोक वर आणि बैठक खाली. ‘त्रिकोण!’ उत्तर तयार असतं. आता त्याच्यादेखतच तो फिरवून टोक खाली करा. पुष्कळ मुलं मान हलवतात. त्यांच्या लेखी तो आता त्रिकोण राहिलेला नसतो.

हा वेंधळेपणा नव्हे, मुलाची कसोटीच वेगळी असते. नेदरलँड्समधल्या पियर व्हान हिले आणि दिना व्हान हिले-गेल्डोफ या शिक्षक दांपत्याने 1957 मध्ये आपल्या प्रबंधांत भूमितीच्या समजेच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल बाजू मोजत नाही की कोन पाहत नाही. ओळखीचा चेहरा ओळखावा तसा अख्खा आकार ओळखतं. म्हणून त्याला फुगीर बाजूंचा ‘त्रिकोण’ चालून जातो, पण लांबुडका, काटकुळा त्रिकोण खपत नाही.

मोठ्यांनी हसू नये. चौरस 45 अंशांत फिरवला की आपल्यालाही आधी पत्त्यातला चौकटच दिसतो. अर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलंय.

खरा घोटाळा आपल्या तक्त्यांचा. तिथला त्रिकोण जवळजवळ नेहमी सारख्या बाजूंचा, पायावर नीट बसलेला. घरात मात्र त्रिकोण कसेही सापडतात. मला सगळ्यांत आवडतो तो रुमाल. चौरस रुमाल कोपऱ्याला कोपरा लावून दुमडला की त्रिकोण, तसाच पुन्हा दुमडला की धाकटा त्रिकोण. कडेला कड लावली तर आयत. ‘हा त्रिकोण कशावरून?’ असं विचारलं की मुलाचं बोट एकेका कोपऱ्यावर फिरतं. मग कपड्यांचा हँगर पुढे करा. कोपरे गोलसर, त्यामुळे बोट अडखळतं. अडखळू द्या, लगेच उत्तर सांगायची घाई नको.

‘गोल’ हा शब्द मात्र जरा जपून. चेंडूही गोल आणि नाणंही गोल म्हटलं, की गोळा आणि वर्तुळ एकाच पिशवीत जातात. उभट गोल डबा कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली की वर्तुळ उमटतं. नंतर दिवे मालवून त्याच उभ्या डब्यावर जरा लांबून, समोरून टॉर्च मारा. भिंतीवर चक्क आयत! मूल डबा जागच्या जागी फिरवून बघतं, पुन्हा फिरवतं. सावली काही बदलत नाही.