विश्रांती घेणारी खडी

घरातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात साधारण ९९.९ टक्के पाणीच असतं. सगळा घोळ उरलेल्या ०.१ टक्क्याचा. मैला, साबण, अन्नाचे कण हे सगळं ओढ्यात गेलं की तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात, आणि ते पचवताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. २० अंश तापमानाला एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. एक लिटर कच्च्या सांडपाण्याला पाच दिवसांत सहज २५० मिलिग्रॅम लागतो. म्हणजे एक बादली सांडपाणी ओढ्यातल्या अठ्ठावीस बादल्यांचा श्वास कोंडतं. मासे मरतात ते बहुतेकदा गुदमरून.

ही जिवाणूंची पंगत ओढ्यात न बसवता आधीच, आपल्या ताब्यातल्या जागेत उरकून घ्यायची, याचंच नाव शुद्धीकरण. त्यासाठी शहरं मोठ्या टाक्यांत यंत्रानं हवा फुंकतात. ही पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी जगापुढे मांडली आणि ती उत्तम चालते. पण तीनशे वस्तीच्या गावाचं गणित वेगळं. तिथं सकाळी सगळ्यांच्या मोऱ्या एकदम वाहतात, दुपारी नुसती धार. वीज बराच वेळ गेली की हवा बंद आणि टाकीतला गाळ कुजायला लागतो. माझ्या मते गावानं पहिला प्रश्न विचारावा तो हा, की दहा वर्षांनी हे कोण सांभाळणार आहे?

सेप्टिक टाकी बांधली म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. तिथं जड ते तळाशी बसतं, तेलकट ते वर तरंगतं, पण बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया आणि रोगजंतू भरपूर असतात. ती फक्त पहिली पायरी आहे.

पुढचं काम खडी करू शकते. १९५०च्या दशकात जर्मनीत केटे झायडल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी पाणवनस्पतींवर दूषित पाण्याचे प्रयोग सुरू केले. त्यांच्या कामातून उमललेली एक पद्धत फ्रान्सच्या खेड्यांमध्ये फार रुजली. तिथं सेप्टिक टाकीही लागत नाही. जाळीतून चिंध्या-कचरा अडवला की कच्चं सांडपाणी थेट खडीच्या वाफ्यावर सोडतात. माणशी साधारण दोन चौरस मीटर जागा पुरते.

उतार असेल तर वीजही नको. एक हौद हळूहळू भरत राहतो. पाणी ठरावीक उंचीला पोचलं की सायफन, म्हणजे पाणी आपोआप ओढून घेणारी वाकडी नळी, सुरू होतो आणि सगळा हौद एका दमात वाफ्यावर रिकामा होतो. पाणी खाली झिरपतं आणि त्याच्या मागोमाग वरून ताजी हवा खडीत ओढली जाते. प्रत्येक खड्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर असतो. तो घाण खातो, अमोनियाचं नायट्रेट करतो. हे नायट्रेट पाण्यात उरतं आणि रोगजंतूही पूर्ण जात नाहीत, म्हणून हे पाणी पिण्याचं नव्हे.

वाफ्यात लावलेल्या हिरव्यागार, वेतासारख्या झाडांकडे बघून वाटतं, तीच पाणी गाळतात. खरं काम जिवाणूंचं. झाडांचं काम वेगळं आणि मला फार आवडणारं: वाफ्यावर गाळाची साय धरते, वाऱ्यानं ताटवे डुलतात, आणि प्रत्येक दांडा आपल्या बुंध्याशी त्या सायीत भोक मोकळं ठेवतो. त्यातून पाणी उतरतं.

तरी वाफा चोंदतोच, आणि त्यावर उपाय आहे विश्रांती. कच्चं सांडपाणी घेणारे वाफे तीन असतात. एकाला तीन-चार दिवस पाणी, मग आठवडाभर सुट्टी. भुकेले जिवाणू स्वतःचाच थर खाऊन कमी करतात, गाळ वाळतो, भेगाळतो, खडी पुन्हा श्वास घेते. सांभाळणाऱ्या माणसानं आठवड्यातून दोनदा येऊन झडप फिरवायची, जाळी साफ करायची. हे चुकलं तर कितीही चांगला वाफा डबकं होतो.

गाळाची साय वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर चढते. दहा-पंधरा वर्षांनी ती खरवडायला घेतात, तेव्हा फावड्यावर येतो तो काळा, भुसभुशीत ऐवज. त्याला वास येतो तो ओल्या मातीचा.