फड पद्धती

नदीच्या वाहत्या पाण्यावर गावाने मिळून बागायत करण्याची खानदेशातील सामाईक व्यवस्था. तापी खोऱ्यातील पांझरा, मोसम आणि आराम या नद्यांवर ती तीनशे ते चारशे वर्षांपासून चालत आली असे मानले जाते. पांझरा साक्री तालुक्यात उगम पावते आणि धुळे शहरातून वाहत जाऊन मुडावदजवळ तापीला मिळते. मोसम आणि आराम गिरणेला मिळतात. मोसम-आरामचा बागलाण-मालेगाव हा मुलूख १८६९ मध्ये नाशिक जिल्ह्याकडे गेला, पण पाण्याची रीत दोन्हीकडे तीच राहिली.

फडाची गणना सहसा सिंचनाच्या प्रकारांत होते. खरे तर समाज नावाची गोष्ट कशी उभी राहते आणि संस्था कशासाठी लागतात, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण खानदेशात सापडणे अवघड आहे. जमीन ज्याची त्याची, सातबारा ज्याचा त्याचा. पण त्यात काय पेरायचे आणि पाणी कधी घ्यायचे हे एकट्याने ठरवायचे नाही. मालकी खाजगी ठेवून वापरावर सर्वांचा लगाम, आणि तो लगाम धरायला नेमलेली, पगार घेणारी माणसे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या टिकली.

रचना

नदीपात्रात खडक उघडा पडला आहे अशी जागा हेरून दगड-चुन्याचा बुटका बंधारा घालतात. तो पाणी साठवत नाही, फक्त वळवतो. उंची कमी असल्याने पूर त्याच्या डोक्यावरून निघून जातो आणि बराचसा गाळही सोबत नेतो. बंधाऱ्याच्या कडेने निघणारा पाट दोन ते बारा किलोमीटर लांब असतो. पाटातून चाऱ्या (लहान उपपाट) निघतात आणि चारीतून प्रत्येक शेतात पाणी नेणारे सारंग. जादा पाणी नदीत परत सोडण्यासाठी ठिकठिकाणी सांडवे ठेवतात. ते बुजले की पहिल्या मोठ्या पावसात पाट फुटतो. वरच्या बंधाऱ्याखालच्या शेतांतून झिरपलेले पाणी नदीत उतरते आणि खालच्या बंधाऱ्याला मिळते, म्हणून एकाच नदीवर बंधाऱ्यांची माळ चालू शकते.

एका बंधाऱ्याखालच्या कायम बागायतीचे बहुधा चार भाग पाडतात. हेच फड. फड १० हेक्टरांचा असू शकतो तसा २०० हेक्टरांचाही. सरासरी १०० ते १२५ हेक्टर. एका फडात एका हंगामाला एकच पीक. एखाद-दोन फडांत ऊस, बाकीच्यांत हंगामी पिके, आणि पाणी कमी दिसले तर एखादा फड पडीक. पुढच्या वर्षी पिके फडांतून फिरवली जातात.

एकाच पिकाचा नियम कशासाठी

पाटाची वहनक्षमता साधारण सेकंदाला ४५० लिटर धरली जाते. पाट अहोरात्र भरून चालला तर दिवसाला ३८,८८० घनमीटर पाणी येते. एका भरण्याला, म्हणजे शेताला एकदा पाणी द्यायला, ७.५ सेंटिमीटर पाणी धरल्यास हेक्टरी ७५० घनमीटर लागतात. म्हणजे कागदावर दिवसाला सुमारे ५२ हेक्टर भिजतात. पाटात आणि चारीत निम्मे पाणी मुरले असे धरले तर २६. या हिशेबाने १०० हेक्टरांचा फड भिजायला चार दिवस आणि चारही फडांची फेरी पूर्ण व्हायला सोळा दिवस लागतात. गव्हाला तीन आठवड्यांनी पाणी चालते. उन्हाळ्यातल्या उसाला आठ-दहा दिवसांत पाणी हवे, आणि नेमकी तेव्हाच नदीची धार बारीक झालेली असते. चारही फडांत ऊस का लावता येत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

पिके मिसळली की वेळापत्रकच मोडते. उसाच्या शेजारी हरभरा असेल तर उसाचे पाणी पाझरून हरभऱ्याची मुळे कुजतात, पीक पिवळे पडते. पाणी सोडणाऱ्या माणसाला, म्हणजे पाटकऱ्याला, एकाच चारीवर कुणासाठी पाणी सोडावे आणि कुणासाठी अडवावे हे सांभाळता येत नाही. पडीक आणि हंगामी फडांना मात्र कोरडे व्हायला वेळ मिळतो, त्यामुळे जमीन पाण्याने चिबडत नाही, मीठफुटीचा (क्षार वर येण्याचा) धोकाही कमी होतो.

राखणीचा फायदा लोकांच्या लक्षात सहसा येत नाही. शंभर हेक्टरांचा चौरस फड घेतला तर त्याचा घेर चार किलोमीटर भरतो, दोघे-तिघे जागले (राखणदार) तो सांभाळू शकतात. तीच जमीन एकेका हेक्टरची शंभर सुटी शेते म्हणून ज्याची त्याने राखायची म्हटले तर राखायचा घेर एकूण ४० किलोमीटर होतो.

माणसे आणि नियम

निर्णय पंच घेतात. हंगामाआधी नदीची धार पाहून कोणत्या फडात काय आणि कोणता फड पडीक, हे ते ठरवतात. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे असते. शेतकऱ्याने स्वतः चारी फोडायची नाही. रात्री त्याला शेतात हजर राहण्याचीही गरज पडत नाही. जागल्या उभे पीक गुराढोरांपासून आणि चोरीपासून राखतो. पाटकरी आणि जागल्यांवर देखरेखीला हवालदार किंवा मुकादम. मोबदला पूर्वी पिकाच्या वाट्यातून मिळे, पुढे एकरी रोख झाला. पावसाळा सरला की पाटातला गाळ काढायला जमिनीच्या प्रमाणात माणूस द्यावा लागतो. जो देत नाही त्याला दंड.

सामाईक साधनसंपत्तीच्या अभ्यासासाठी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी टिकाऊ संस्थांची काही लक्षणे सांगितली: हद्द स्पष्ट असणे, खर्च आणि लाभाचे प्रमाण जुळणे, नियम ठरवण्यात वापरणाऱ्यांचा हात असणे, त्यांना उत्तरदायी असा राखणदार असणे, चुकीच्या मानाने वाढत जाणारा दंड. फडात यांपैकी बहुतेक सापडतात.

एक अट मात्र कागदावर नसते आणि तीच सर्वांत नाजूक आहे. प्रत्येक घराची जमीन एकाहून अधिक फडांत असावी लागते. ज्याचे सगळे शेत एकाच फडात, त्याचा फड पडीक राहिला की त्याचे वर्ष बुडते. भावाभावांत वाटणी करताना ‘वरचा फड थोरल्याला, खालचा धाकट्याला’ असे झाले की पुढच्याच तुटीच्या वर्षी पंचांचा निर्णय एका भावाला अन्याय वाटतो, आणि त्याचे चुकीचेही नसते. अशा वाटणीत प्रत्येक फडातला तुकडा दुभंगणेच बरे, जरी पट्टे अरुंद झाले तरी.

ऱ्हास

विहीर आणि वीजपंप आल्यावर सधन शेतकऱ्याला पाळीची गरज उरली नाही. त्याने आपल्या पट्ट्यात वेगळे पीक घेतले, शेजाऱ्याने त्याचे पाहिले, आणि एका फडात एकच पीक ही घडी मोडली. पैसे देणारे कमी झाले की पाटकऱ्याचा पगार थकतो. पाटकरी गेला की चारी फोडण्याला अटकाव राहत नाही आणि शेवटच्या टोकाच्या शेतांना पाणी पोहोचेनासे होते. वरच्या अंगाला धरणे झाल्याने नदीची नैसर्गिक धार बदलली. वाळूउपशाने पात्र खोल गेले की पाटाच्या तोंडाशी पाणी चढत नाही.

दुरुस्तीचा पैसा बहुतेक वेळा बंधाऱ्याच्या सिमेंटवर खर्च होतो, पाटकरी आणि जागल्याच्या जागा तशाच रिकाम्या राहतात. हा उपाय उलट्या टोकाने सुरू होतो असे म्हणावे लागते. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या २००५ च्या राज्य कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी घेण्याची चौकट दिली. संस्थेला कोटा मोजून मिळतो आणि पीक कोणते हे सभासद ठरवतो. फडात मोजमाप क्षेत्राचे आणि पीक सर्वांचे. जुना फड या चौकटीत बसवायचा असेल तर पाणीपट्टीतच पाटकऱ्याचा आणि जागल्याचा एकरी वाटा धरावा लागतो, आणि त्याची वसुली पीक हाती येण्याच्या सुमारासच करावी लागते.