शुल्क आणि उदरनिर्वाह : पदव्युत्तर शिक्षणाच्या खर्चाची पार्श्वभूमी

पदव्युत्तर शिक्षणाच्या खर्चाची चर्चा बहुतेक वेळा शुल्कापासून सुरू होते आणि शुल्कापाशीच थांबते. प्रवेशपत्रात शुल्काचा आकडा ठळक छापलेला असतो. खोलीचे भाडे, जेवण, प्रवास, आरोग्य विमा यांचा हिशेब मात्र विद्यार्थ्याने आपला आपणच मांडायचा असतो. ही फारकत आज आपल्याला स्वाभाविक वाटते, पण विद्यापीठांच्या आरंभीच्या काळात ती नव्हती.

तेराव्या-चौदाव्या शतकांतील पॅरिस विद्यापीठात ‘बुर्सा’ नावाचे एक माप रूढ होते. बुर्सा म्हणजे पैशाची थैली. खोलीचे भाडे आणि नोकराचा पगार वगळून विद्यार्थी आठवड्याला स्वतःवर जेवढा खर्च करी, ती त्याची बुर्सा. ती रक्कम त्याने शपथेवर सांगायची आणि परीक्षेचे व पदवीचे शुल्क तिच्या पटीत भरायचे, अशी पद्धत होती. ज्याचे राहणीमान खर्चिक त्याला शुल्क जास्त, ज्याचे साधे त्याला कमी, आणि जो खरोखरच निर्धन त्याला सूट. शुल्क आणि राहणीमान एकाच तराजूत तोलणारी इतकी सरळ व्यवस्था पुढच्या काळात क्वचितच दिसते. शिष्यवृत्तीसाठी युरोपीय भाषांत आजही वापरले जाणारे काही शब्द याच थैलीवरून आले आहेत.

त्या काळी कलाशाखा हा पहिला टप्पा होता. धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक यांचा अभ्यास सामान्यतः त्यानंतर येई, म्हणजे आजच्या भाषेत तो पदव्युत्तर अभ्यास होता आणि तो फार लांबत असे. पॅरिसच्या १२१५ च्या नियमांनुसार धर्मशास्त्र शिकवण्यासाठी किमान आठ वर्षांचा अभ्यास आणि किमान ३५ वर्षांचे वय आवश्यक होते. एवढी वर्षे घरच्या पैशावर काढणे गरिबाला शक्य नव्हते. रोबेर द सोर्बों याने १२५७ च्या सुमारास पॅरिसमध्ये धर्मशास्त्राच्या निर्धन अभ्यासकांसाठी जे निवासगृह स्थापन केले, त्यामागे हीच अडचण होती. ज्या सोर्बोनचे नाव पुढे जगभर विद्वत्तेशी जोडले गेले, त्याचा आरंभ पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याच्या सोयीतून झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

घरभाड्याचा प्रश्नही तेव्हापासूनचाच आहे. ऑक्सफर्डमध्ये नगरवासी आणि विद्यार्थी यांच्यातील संघर्षानंतर १२१४ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने दिलेल्या निवाड्यात विद्यार्थ्यांच्या निवासांचे भाडे दहा वर्षांसाठी निम्मे करावे, अन्नपदार्थ वाजवी दराने विकावेत आणि दरवर्षी संत निकोलस यांच्या दिवशी शंभर गरीब विद्यार्थ्यांना नगराने जेवण द्यावे, अशी कलमे होती. पॅरिसच्या विद्यापीठाला १२३१ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने भाडे ठरवून घेण्याचा अधिकार मान्य केला. शुल्काबाबतही चर्चने भूमिका घेतली होती : ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने अध्यापनाच्या परवान्यासाठी पैसे घेण्यास बंदी केली आणि प्रत्येक कॅथेड्रलने, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चने, गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकवणाऱ्या शिक्षकाच्या चरितार्थाची सोय करावी, असे ठरवले. ही सोय नसेल तेथे शिक्षकाची उपजीविका विद्यार्थ्यांच्या पैशावरच चाले. बोलोन्याचा कायदेपंडित ओडोफ्रेडस याने तर विद्यार्थी पैसे नीट देत नाहीत, अशी तक्रार भर वर्गात केल्याची नोंद आहे.

आजच्या संशोधनपर पदवीचा साचा घडला तो एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत. १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाने अध्यापन आणि संशोधन एकत्र आणले. मात्र तेथील ‘प्रिव्हाटडोझेंट’, म्हणजे नियमित पगार नसलेला तरुण अध्यापक, व्याख्यानाला बसणाऱ्यांनी दिलेल्या शुल्कावर गुजराण करी. ज्ञानाच्या वाटेवरचा हा उमेदवारीचा काळ ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच परवडे, आणि विद्यापीठीय पेशातील वर्गभेदाचे एक मूळ येथेच आहे, असे माझे मत आहे.

अमेरिकेत १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने जर्मन साचा उचलला, पण त्यात एक मोलाची भर घातली : निवडक अभ्यासकांना वर्षाला ५०० डॉलरची अधिछात्रवृत्ती. शिकणाऱ्याने पैसे द्यायचे, या चालत आलेल्या रीतीपेक्षा हे वेगळे होते. संशोधन करणाऱ्याच्या पोटापाण्याची जबाबदारी संस्थेनेच उचलली. पुढे १९५२ पासून राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या अधिछात्रवृत्त्यांनी आणि १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने हीच जबाबदारी सरकारच्या पातळीवर नेली. शीतयुद्धातल्या, विशेषतः १९५७ मधील स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहानंतरच्या धास्तीने शास्त्रज्ञ हवे होते, म्हणून पैसा आला. विद्यार्थ्यांची गरज पाहून तो आला नव्हता. म्हणूनच या मदतीचा ओघ विज्ञानाकडे अधिक राहिला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शुल्काचे धोरण देशोदेशी हेलकावे खात राहिले. ब्रिटनने १९८० पासून परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण खर्चाइतके शुल्क घ्यायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये शुल्क रद्द केले आणि १९८९ मध्ये उत्पन्नाशी निगडित परतफेडीच्या रूपाने ते पुन्हा आणले. जर्मनीत २००५ च्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर काही राज्यांनी सत्राला ५०० युरोपर्यंत शुल्क लावले. जनमताच्या रेट्यामुळे २०१४ पर्यंत ते सर्वत्र मागे घेतले गेले. पण शुल्क गेले म्हणून खर्चाची अट गेली नाही. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी अनेक परदेशी विद्यार्थ्यांना निर्वाहखर्चाची रक्कम आधीच बँकेच्या ‘गोठवलेल्या’ खात्यात दाखवावी लागते आणि सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो आहे. शुल्क शून्य असलेल्या विद्यापीठाच्या दारात निर्वाहखर्चच प्रवेशमूल्य होऊन बसतो, तो असा.

इंग्लंडमध्ये पदव्युत्तर विद्यार्थी बराच काळ कर्जयोजनांच्या बाहेर होते. २०१६ मध्ये पहिल्यांदा पदव्युत्तर पदवीसाठी कमाल १०,००० पौंडांचे सरकारी कर्ज सुरू झाले आणि २०१८ मध्ये डॉक्टरेटसाठी २५,००० पौंडांचे. पदवीच्या विद्यार्थ्याला शुल्कासाठी वेगळे आणि निर्वाहासाठी वेगळे कर्ज मिळते. येथे मात्र दोन्हींसाठी मिळून एकच रक्कम. शुल्क वाढले की भाड्याला उरणारा वाटा तेवढाच आक्रसतो. विद्यार्थी सहाय्याची बहुतेक धोरणे अठरा वर्षांच्या मुलाला, त्याच्या पालकांच्या उत्पन्नाला समोर ठेवून बेतली गेली. पंचविशीतल्या, कधी संसार सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार त्यांत उशिरा आणि तुटपुंजा झाला. संशोधक विद्यार्थ्याच्या बाबतीत तर विद्यावेतनाची मुदत अनेकदा प्रबंध पूर्ण होण्याआधीच संपते, आणि शेवटची प्रकरणे लिहिण्याचे महिने तो शिकवण्या घेऊन किंवा उसनवारी करून काढतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले. त्यांत संशोधक विद्यार्थ्यांचा मोठा भरणा होता. त्यांपैकी अनेकांचे शिक्षण शुल्क माफच होते. तक्रार होती ती घरभाड्यात विद्यावेतनाचा मोठा हिस्सा जात असल्याची, म्हणजे ऑक्सफर्डच्या १२१४ च्या निवाड्यातलीच. पुढे जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या अमेरिकी कायद्याने, ज्या ‘ग्रॅड प्लस’ कर्जातून शुल्काबरोबरच राहण्या-जेवण्याचा खर्चही भागवता येत असे, ते १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद करण्याचे ठरवले. व्यावसायिक पदव्या वगळता इतर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच सरकारी कर्ज मिळेल. विद्यापीठ आपले शुल्क आधी वळते करून घेते, तेव्हा या मर्यादेतून काय उरते त्यावर खोलीचे भाडे अवलंबून राहील.